अनुवादित युरोपीय साहित्याचा उत्सव पहिल्यांदा भरवताय? सुरुवात अनुवादकापासून करा

पहिल्या वर्षी सगळं जमून आलंय अशीच आमची समजूत होती. लेखिका येणार होती, हॉल मिळाला होता, पोस्टरं छापून आली होती. कार्यक्रमाला अकरा दिवस उरले असताना एका स्वयंसेविकेने विचारलं, "पण त्या वाचणार काय?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. पुस्तक लेखिकेच्या भाषेत होतं. इंग्रजी अनुवादाचा करार झाला होता, पण तो बाहेर यायला अजून वर्ष होतं. आणि आमच्या श्रोत्यांच्या भाषेत तिची एक ओळही उपलब्ध नव्हती. शेवटी एका अनुवादकाने रात्री जागून सात पानं करून दिली. त्या सात पानांवर सत्र उभं राहिलं. पोस्टरवर मात्र त्याचं नाव नव्हतं, कारण पोस्टरं आधीच छापून झाली होती. ती सल अजून गेलेली नाही.

तेव्हापासून मी कुणालाही हेच सांगतो: हा उत्सव लेखकांच्या भेटीगाठींचा नाही, अनुवादाचा आहे. तुमच्या शहरात युरोपातली आजची पुस्तकं अनुवादातूनच पोचणार आहेत. म्हणून पहिलं पत्र अनुवादकाला जायला हवं, लेखकाला नंतर. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. मोठा निधी आणि पगारी माणसं हाताशी नसलेल्या, चार-सहा जणांच्या गटाला डोळ्यांसमोर ठेवलं आहे.

१. "युरोपीय" आणि "समकालीन" म्हणजे काय, ते आधी कागदावर लिहा

युरोप आणि युरोपीय संघ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संघात २७ देश आहेत आणि २४ अधिकृत भाषा. पण नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड, ब्रिटन, सर्बिया, बोस्निया, युक्रेन हे देश संघाबाहेर आहेत आणि त्यांचं साहित्य वगळून युरोपचा उत्सव करणं मला तरी पटत नाही. पैसे संघाच्या योजनेतून येणार असतील तर कुठले देश चालतात हे अर्जाआधीच वाचून घ्या. आमंत्रण पाठवून झाल्यावर हा मुद्दा निघाला तर फार अवघड होतं.

दुसरं असं की भाषा आणि देश यांच्या सीमा जुळत नाहीत. कॅटलान, बास्क, वेल्श, सामी, रोमानी या भाषांत आज उत्तम लिहिलं जातंय. दुसऱ्या देशातून येऊन नव्या भाषेत लिहिणारेही बरेच आहेत. "एका देशाचा एक लेखक" अशी मांडणी केलीत की हे सगळे यादीतून गळतात, आणि उरलेल्यांना नकळत आपापल्या देशाचे राजदूत व्हावं लागतं. यादी पुस्तकांची करा, झेंड्यांची करू नका.

"समकालीन"साठी आम्ही सोपी अट ठेवली: लेखक हयात असावा आणि मूळ पुस्तक गेल्या पंधरा वर्षांतलं असावं. तुम्ही वेगळी ठेवा, पण ठेवा. नाहीतर निवडीच्या प्रत्येक बैठकीत कुणीतरी विसाव्या शतकातल्या आपल्या आवडत्या कादंबरीचा आग्रह धरतं आणि संध्याकाळ त्यातच जाते.

पहिल्या वर्षी पाच पुस्तकं पुरेत. सहा म्हणजे खूप झाली.

२. अनुवादांची यादी करा आणि तिसऱ्या रकान्याकडे नीट बघा

एक तक्ता बनवा. रकाने असे: पुस्तक, मूळ भाषा, अनुवाद कोणत्या भाषेतून झाला, अनुवादक, प्रकाशक, हक्क कुणाकडे, पुस्तक आज विकत मिळतं का.

पुस्तकं शोधायला काही भरवशाच्या जागा आहेत. युरोपियन युनियन प्राइझ फॉर लिटरेचर हा पुरस्कार २००९पासून दिला जातो. तो मुख्यतः उदयोन्मुख लेखकांसाठी असल्याने अजून जगभर न पोचलेली नावं तिथे सापडतात. इंटरनॅशनल बुकर पुरस्कार २०१६पासून एकेका अनुवादित पुस्तकाला मिळतो आणि त्याचे ५०,००० पौंड लेखक आणि अनुवादकात निम्मे-निम्मे वाटले जातात. त्याच्या लांब यादीतही, म्हणजे पहिल्या फेरीत निवडलेल्या पुस्तकांतही, युरोपातली पुस्तकं पुष्कळ असतात. याशिवाय अनेक देशांच्या साहित्यसंस्था नव्या पुस्तकांची माहिती आणि नमुना-अनुवाद देतात: फिनलंडची फिली, नॉर्वेची नोर्ला, पोलंडची बुक इन्स्टिट्यूट, नेदरलँड्सचा साहित्यनिधी, एस्टोनियाचं साहित्यकेंद्र. त्यांना साधी ईमेल केली तरी माहिती मिळते. आमच्यासारख्या लहान गटालाही त्यांनी नीट, सविस्तर उत्तरं दिली.

आता तिसरा रकाना. पोलिश कादंबरीचा मराठी अनुवाद थेट पोलिशमधून झालाय की इंग्रजीतून? इंग्रजीतून झाला म्हणून तो कमी दर्जाचा, असं मी म्हणणार नाही. अशा मधल्या वाटेने आलेल्या पुस्तकांवर आपल्या पिढ्या वाढल्या आहेत. पण वाचकाला ते स्पष्ट सांगायला हवं, कारण त्या वाटेत काही गोष्टी गळतात. फ्रेंचमध्ये दोन माणसं "व्हू"वरून "त्यु"वर येतात तेव्हा त्यांच्या नात्यात काहीतरी घडलेलं असतं. जर्मनमध्ये "झी" आणि "डू"चं तसंच. इंग्रजीत दोन्हीकडे "यू". इंग्रजीवरून काम करणाऱ्या मराठी अनुवादकाकडे "तुम्ही" आणि "तू" दोन्ही तयार असतात, पण पात्रांनी उंबरठा नेमका कुठल्या ओळीत ओलांडला हे त्याच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. त्याला ते अंदाजाने ठरवावं लागतं. हा रकाना भरलेला असला की सत्रात काय विचारायचं याची निम्मी तयारी तिथेच होते.

तक्ता झाला की अनुवादकांना लिहा. पहिल्याच पत्रात एक प्रश्न जरूर असू द्या: "या पुस्तकातलं कुठलं पान तुम्ही मोठ्याने वाचाल?" पुस्तक त्यांनी शब्दाशब्दाने पुन्हा लिहिलेलं असतं. कुठलं पान कानाला धरून ठेवतं आणि कुठलं फक्त डोळ्यांनी वाचायचं आहे, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नसतं, पुष्कळदा लेखकालाही नसतं.

आणि दोन गोष्टी पहिल्याच पत्रात कबूल करा. अनुवादकाचं मानधन लेखकाइतकंच असेल. अनुवादकाचं नाव पोस्टरवर लेखकाच्या नावाशेजारी, वाचता येईल अशा आकारात असेल. नोबेलविजेत्या पोलिश लेखिका ओल्गा तोकार्चुक यांची इंग्रजी अनुवादक जेनिफर क्रॉफ्ट हिने २०२१ साली जाहीर केलं की मुखपृष्ठावर नाव नसेल तर यापुढे अनुवाद करणार नाही. त्याच वर्षी अनुवाददिनाला हीच मागणी करणारं एक खुलं पत्रही निघालं आणि बऱ्याच लेखकांनी त्यावर सह्या केल्या. प्रकाशकांशी ही लढाई अजून चालू आहे. आपल्या उत्सवात तरी ती लढायची वेळ येऊ नये.

३. तारीख

२६ सप्टेंबर हा युरोपीय भाषादिन, ३० सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय अनुवाददिन. या दोन दिवसांच्या आसपास उत्सव ठेवला तर सांस्कृतिक संस्थांकडून मदत मिळणं सोपं जातं. मात्र त्यासाठीचा पत्रव्यवहार जूनअखेर संपवा. ऑगस्टमध्ये युरोपातली बरीच कार्यालयं सुट्टीवर असतात. ऑक्टोबरमध्ये फ्रँकफर्टचा पुस्तकमेळा असतो, त्यामुळे आधीचे काही आठवडे प्रकाशकांच्या हक्क-विभागातली माणसं कशालाच उत्तर देत नाहीत. मार्चमध्ये लाइपझिग आणि लंडनच्या मेळ्यांच्या वेळी तीच गत. एकंदर नऊ महिने हातात ठेवा.

४. पैसे आणि मदत कुठून येते

ग्योटे इन्स्टिट्यूट, आँस्तित्यू फ्राँसे, सेर्व्हांतेस, कामोइंश, पोलिश इन्स्टिट्यूट, झेक सेंटर, स्वित्झर्लंडची प्रो हेल्व्हेत्सिया अशा संस्थांची नावं तुम्ही ऐकली असतील. अशा राष्ट्रीय सांस्कृतिक संस्थांचं मिळून युनिक नावाचं जाळं २००६ साली उभं राहिलं आणि अनेक शहरांत त्यांचे स्थानिक गट आहेत. तुमच्या शहरात गट असेल तर आधी त्यांना भेटा. एका बैठकीत पाच-सहा संस्थांशी बोलणं होतं. आग्नेय युरोपातल्या भाषांसाठी त्रादुकी नावाचं जाळं २००८पासून काम करतंय.

साधारणपणे या संस्था त्यांच्या लेखकाचा प्रवासखर्च देतात, कधी राहण्याची सोयही करतात. हॉल, दुभाषे आणि अनुवादकाचं मानधन तुम्हालाच उभं करावं लागेल असं धरून चाला.

इथला सापळा असा: प्रवासखर्च मिळतोय म्हणून पुस्तक निवडणं. आम्ही दुसऱ्या वर्षी ते केलं. विमानाचं तिकीट फुकट मिळालं, पण त्या लेखकाचा अनुवादच नव्हता, म्हणजे पुन्हा आमची पहिली चूक. आधी तक्ता, मग पैसे. तक्त्यात नसलेलं नाव कुणी कितीही प्रेमाने सुचवलं तरी "पुढच्या वर्षी नक्की विचार करू" एवढंच म्हणा.

पैसे अगदीच नसतील तर लेखकाला न आणताही उत्तम उत्सव होतो. झेक सेंटर्सनी २००६ साली प्राग शहरात "साहित्याची रात्र" सुरू केली. तिथे अनुवादित पुस्तकांतले उतारे नट मंडळी शहरातल्या वेगवेगळ्या, एरवी वाचनासाठी न वापरल्या जाणाऱ्या जागांत वाचतात. तोच उतारा ठरावीक वेळाने पुन्हा वाचला जातो आणि श्रोते एका जागेवरून दुसऱ्या जागी चालत जातात. ही कल्पना पुढे युरोपातल्या कितीतरी शहरांनी घेतली. नवख्या गटाला मी पहिल्या वर्षी हेच करा असं सांगेन. चार जागा, चार पुस्तकं, चार चांगले वाचक.

५. हक्क आणि परवानग्या

लोक सगळ्यात जास्त इथे अडकतात, म्हणून थोडं सविस्तर.

१८८६च्या बर्न कराराप्रमाणे अनुवाद करू देण्याचा हक्क मूळ लेखकाचा असतो. झालेला अनुवाद मात्र स्वतंत्र कृती मानला जातो आणि त्यावर अनुवादकाचा हक्क असतो. संरक्षणाची मुदत लेखकाच्या हयातीनंतर किमान ५० वर्षं, युरोपीय संघात ७०. म्हणजे समकालीन साहित्यात "हे आता सगळ्यांचं झालंय" असं काहीही नसतं. आठ ओळींच्या कवितेलाही परवानगी लागते. अनुवाद इंग्रजीमार्गे झालेला असेल तर मधल्या इंग्रजी अनुवादकाचाही हक्क तपासावा लागतो.

परवानग्या वेगवेगळ्या असतात आणि एकीत दुसरी येत नाही:

- मंचावर मोठ्याने वाचणे
- कार्यक्रमपत्रिकेत किंवा पुस्तिकेत छापणे
- पडद्यावर दाखवणे
- ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण करून ठेवणे
- ते इंटरनेटवर टाकणे, थेट किंवा नंतर
- उत्सवासाठी नवा अनुवाद करून घेणे

लेखक फोनवर "हो, वाचा की" म्हणाले म्हणून निश्चिंत होऊ नका. ते मनापासून म्हणतात, पण हक्क बहुतेक वेळा प्रकाशकाच्या हक्क-विभागाकडे किंवा एजंटकडे असतात. आम्ही एकदा तोंडी होकारावर ध्वनिमुद्रण करून इंटरनेटवर टाकलं. आठवड्याने प्रकाशकाचं पत्र आलं आणि सगळं उतरवावं लागलं. पत्राची भाषा सभ्य होती आणि बाजूही त्यांचीच बरोबर होती. ती फीत आज आमच्याकडे आहे, पण कुणाला ऐकवता येत नाही.

परवानगीच्या ईमेलमध्ये हे सगळं एकाच वेळी द्या, म्हणजे उलटसुलट पत्रं होत नाहीत: पुस्तक आणि आवृत्ती, पान क्रमांक, उताऱ्याचे अंदाजे शब्द, तारीख, जागा, आसनसंख्या, तिकीट आहे की मोफत, मुद्रण होणार की नाही, झालं तर ते कुठे आणि किती दिवस राहील. उत्तराला दोन महिने लागू शकतात. तीन आठवडे झाले की एकदा नम्रपणे आठवण करा.

कवितेचा नवा अनुवाद करून घ्यायचा असेल तर क्रम चुकवू नका. आधी मूळ हक्कदाराची परवानगी, मग अनुवादकाला काम. उलट केलंत आणि परवानगी नाकारली गेली तर एका माणसाचे दोन महिने वाया जातात.

६. पाहुणा परदेशातून येणार असेल तर लागणारी कागदपत्रं

- आमंत्रणपत्र: पासपोर्टवरचं नाव अक्षरशः तसंच, तारखा, कार्यक्रमाची जागा, खर्च कोण करणार, मानधन आहे की नाही
- संस्थेची नोंदणी आणि एका जबाबदार व्यक्तीचा संपर्क
- राहण्याच्या जागेचं लेखी आरक्षण
- जाण्यायेण्याची तिकिटं किंवा आरक्षण
- प्रवासविमा
- मानधनाचा करार, दोघांच्या सह्यांसह
- परदेशी पैसे पाठवायचे असतील तर बँकेचे तपशील आणि पाहुण्याच्या देशातला कर-रहिवासी दाखला (पाहुणा तिथल्या करव्यवस्थेत येतो याचा पुरावा)

व्हिसा कुठल्या प्रकारचा लागेल हे वकिलातीकडूनच लेखी विचारून घ्या. पर्यटक व्हिसावर मानधन घेऊन बोलणं कित्येक ठिकाणी चालत नाही. आणि शेवटच्या दाखल्याकडे दुर्लक्ष करू नका. तो नसेल तर मानधनातून जास्त कर कापला जाऊ शकतो आणि लेखकाच्या हातात कबूल केलेल्यापेक्षा कमी रक्कम पडते. दाखला मिळवायला त्यांनाही काही आठवडे लागतात, म्हणून आमंत्रणासोबतच सांगा.

७. सत्र कसं बांधायचं

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवतो, आणि तुम्हीही घालवावा असं मला वाटतं.

साठ मिनिटांच्या सत्राचा आमचा आराखडा असा: पाच मिनिटं ओळख, दोन मिनिटं मूळ भाषेत वाचन, दहा मिनिटं अनुवादाचं वाचन, पंचवीस मिनिटं गप्पा, पाच मिनिटं दुसरं वाचन, उरलेला वेळ श्रोत्यांचे प्रश्न. मोठ्याने नीट वाचताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. त्या हिशेबाने उतारा कापा आणि घरी घड्याळ लावून वाचून बघा.

मूळ भाषेतलं वाचन आधी आणि थोडकं. दोन मिनिटं, त्याहून जास्त नको. श्रोत्यांना अर्थ कळणार नाही, पण भाषेचा आवाज कळतो. एका संध्याकाळी फिनिश कविता वाचली गेली. त्या भाषेत प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर आघात येतो आणि दोनदा लिहिलेला स्वर किंवा व्यंजन तितका वेळ लांबवावं लागतं. पहिल्या चार ओळींपर्यंत हॉलमध्ये खुर्च्या हलत होत्या, कुणी पत्रिका चाळत होतं. मग ठेका कानात बसला आणि सगळं शांत झालं. लगेच अनुवादिका उठली, आणि तिच्या पहिल्या ओळीत तोच ठेका आला, पहिल्या अक्षरावर जोर देणारा. समोरच्या रांगेतल्या एका आजोबांनी मान डोलावली. त्यांना फिनिश येत नव्हती, पण अनुवादिकेने काय केलं ते त्यांना नेमकं कळलं होतं. हे आधी अनुवाद आणि मग मूळ वाचून होत नाही.

संवादकाने पूर्ण पुस्तक वाचलेलं असलंच पाहिजे, आणि ज्या अनुवादाबद्दल बोलायचं तोच वाचलेला हवा. मलपृष्ठ आणि दोन मुलाखती वाचून आलेला संवादक पाचव्या मिनिटाला "तुमच्या देशातली आजची परिस्थिती" या विषयावर जातो. लेखकाने कादंबरी लिहिलेली असते, आणि त्याला बातम्यांवर बोलावं लागतं.

अनुवादकाला "अनुवादात काय हरवलं?" हे विचारू नका. या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक वेळी सारखंच येतं. एक जागा दाखवून विचारा. उदाहरण देतो. एका कादंबरीतला निवेदक "मी" म्हणून बोलतो आणि तो पुरुष की स्त्री हे लेखिकेने शेवटपर्यंत कळू दिलेलं नाही. फिनिश, हंगेरियन, एस्टोनियन या भाषांत तर "तो" आणि "ती" यांना मिळून एकच सर्वनाम आहे, त्यामुळे तिथे असं लपवणं फारसं जड जात नाही. मराठीत "मी निघालो" की "मी निघाले" हे पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. संवादकाने अनुवादिकेला विचारलं, "पहिल्या पानावर तुम्ही काय केलंत?" तिने आपली पेन्सिलच्या खुणांनी भरलेली प्रत उघडली आणि वाचून दाखवलं: "मी दार उघडलं. मी पत्र वाचलं. मला थंडी वाजली." भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, त्यामुळे बोलणारा कोण ते झाकलेलं राहतं. म्हणून तिने दोनशे पानांत निवेदकाला कुठेही "निघू" दिलं नव्हतं, "आलो" म्हणू दिलं नव्हतं. घराबाहेर पडायचं असेल तर "मी घर सोडलं", रस्त्यावर यायचं असेल तर "मी रस्ता गाठला". हॉलमध्ये बसलेल्या लोकांनी आयुष्यभर ही भाषा बोलली होती आणि तिची ही चाल त्यांना त्या दिवशी दिसली. त्यानंतर प्रश्नांसाठी हात थांबेनात.

असे प्रश्न आयत्या वेळी सुचत नाहीत. कार्यक्रमाच्या दोन आठवडे आधी संवादक आणि अनुवादक यांची तासाभराची भेट ठेवा, लेखकाशिवाय. अनुवादकाला फक्त एवढंच सांगायचं: "तुम्हाला जिथे सगळ्यात जास्त दिवस लागले ती तीन वाक्यं घेऊन या."

लेखक आणि अनुवादक दोघे मंचावर असतील तर पहिला प्रश्न अनुवादकाला. पहिला लेखकाला गेला की सत्र लेखकाचं होतं आणि अनुवादक नकळत दुभाषा होऊन बसतो. अनुवादकाला दुभाष्याचं काम करायला लावू नका, ते वेगळं कौशल्य आहे. स्वतःच्या पुस्तकाबद्दल बोलत असतानाच दुसऱ्याची वाक्यं फिरवत राहायला सांगणं त्याच्यावर अन्याय आहे.

८. नावं

नाव चुकीचं उच्चारलं गेलं की पाहुणा हसून सोडून देतो, पण ते त्याला लागतंच. सोपा उपाय आहे. प्रत्येकाकडून स्वतःच्या आवाजात नाव आणि पुस्तकाचं शीर्षक मागवा, दहा सेकंदांचं ध्वनिमुद्रण पुरतं. ते ऐकून देवनागरीत लिहा आणि तो कागद संवादक, निवेदक, पोस्टर करणारा, सगळ्यांना द्या. आपली लिपी आवाज टिपायला चांगली आहे, मात्र रोमन स्पेलिंगवरून अंदाजाने लिहिलं तर तिचा उपयोग नाही. २०२३चं नोबेल मिळालेले नॉर्वेजियन लेखक "जॉन" नव्हेत, "यून" फॉसे आहेत. हंगेरियनमध्ये नुसता "एस" असेल तर श, आणि "एस-झेड" असेल तर स, म्हणजे पोलिशच्या बरोबर उलट.

हंगेरीत आडनाव आधी येतं. २०२५च्या नोबेलचे मानकरी जगभर लास्लो क्रास्नाहोरकाई म्हणून छापले जातात, त्यांच्या देशात क्रास्नाहोरकाई लास्लो. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनावच नसतं, आई किंवा वडिलांचं नाव लावतात. म्हणून यादी त्यांच्या पहिल्या नावाने लावा आणि मंचावरही पहिल्या नावाने बोलवा, तीच तिथली रीत आहे.

९. दुभाषे, हेडफोन, पडदा

दोन पद्धती. पाहुण्याचं बोलून झाल्यावर दुभाषा सांगतो त्या पद्धतीत वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, म्हणजे पंचवीस मिनिटांच्या गप्पा प्रत्यक्षात बारा-तेरा मिनिटांच्याच होतात. प्रश्न निम्मे करा. दुसरी पद्धत बोलता बोलताच हेडफोनवर ऐकवण्याची. त्याला एका भाषेसाठी दोन दुभाषे लागतात, कारण वीस-तीस मिनिटांच्या वर एकट्याला ते झेपत नाही. एकाच दुभाष्यात भागवायचा मोह आवरा. चाळिसाव्या मिनिटाला वाक्यं तुटायला लागतात आणि ती तुटलेली वाक्यं लोकांना लेखकाची वाटतात.

दुभाष्यांना उतारे, नावांचा कागद आणि संवादकाचे प्रश्न आठवडाभर आधी द्या. वाचनाच्या वेळी त्यांनी आयत्या वेळचा अनुवाद करू नये, छापील अनुवादच वाचावा.

मूळ वाचन चालू असताना पडद्यावर अनुवाद दाखवायचा असेल तर कळफलकावर ती भाषा कळणारी व्यक्ती बसवा. आमच्याकडे एकदा पडदा एक कडवं पुढे गेला. श्रोते शेवटच्या ओळीवर हसले आणि कवीच्या तोंडी अजून त्याच्या आधीची, मृत्यूबद्दलची ओळ होती. तो थांबला, वर बघितलं आणि पुन्हा सुरुवात केली. भाषा येणारं कुणी नसेल तर उतारा कागदावर छापून खुर्च्यांवर ठेवा. छापण्याची परवानगी मात्र हवी, पाचवी पायरी पुन्हा बघा.

१०. पुस्तकविक्री

परदेशातून मागवायची पुस्तकं तीन महिने आधी मागवा. अनुवादकाची इतर पुस्तकंही टेबलावर ठेवा. वाचकाला एखाद्या अनुवादकाची भाषा आवडली की तो त्याच नावामागे जातो. सहीच्या टेबलाला दोन खुर्च्या लावा. एकच लावलीत तर अनुवादक मागे उभा राहतो आणि पाच मिनिटांत निघून जातो.

११. उत्सव संपल्यावर

मानधन पंधरा दिवसांत द्या, अनुवादकांचं सर्वात आधी. त्यातले बहुतेक जण पगारी नसतात. निधी देणाऱ्या संस्थेला अहवाल, पावत्या, विमानाचे बोर्डिंग पास आणि छापील पत्रिकेची प्रत लागते. बोर्डिंग पास पाहुण्याकडून निघायच्या आधीच मागून ठेवा, परतीच्या पासचा फोटो काढून पाठवायला सांगा. नंतर ते सापडत नाहीत.

परवानग्यांची सगळी पत्रं एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे ठेवा आणि ध्वनिमुद्रण कधी उतरवायचं आहे ते दिनदर्शिकेत लिहा. तक्ता फेकू नका. निवडीत न बसलेली पुस्तकं त्याच्या तळाशी राहतात, आणि त्यांच्या अनुवादकांना "या वर्षी जमलं नाही, पुस्तक आवडलं" एवढी एक ओळ पाठवायची राहिलेली असते. ती याच आठवड्यात पाठवा.